जिजीच्या नावाचं प्लास्टर

२४ सप्टेंबर. आजचं काम: आम्हीच बांधलेली अंगणवाडी मुलं बसवण्याच्या लायकीची राहिलेली नाही, असं लेटरहेडवर लिहून, सही-शिक्का करून दुपारपर्यंत तालुक्याच्या ऑफिसात नेऊन देणे.

मजकूर चार ओळींचा. इमारत कुठे आहे, कशाची आहे आणि कोणती भिंत गेली, या तीन ओळी सकाळचा चहा निवायच्या आत लिहून झाल्या. चौथी ओळ कारणाची होती, ती लिहायची राहिली. संपादकांनी दिवाळी अंकासाठी कामातले अनुभव मागितले होते, तेव्हा मी काहीतरी हलकंफुलकं द्यायचं ठरवलं होतं. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ही चौथी ओळच आहे, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

आमची फर्म म्हणजे सीमेपलीकडे, हिंदी मुलखातल्या बऱ्हाणपूरला, बुधवारा पेठेत एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी, माझा भागीदार शिरीष आणि ड्रॉइंग काढणारी एक मुलगी. शिरीष शहरातली घरं, दुकानं आणि नकाशे मंजूर करून आणण्याची कामं बघतो, म्हणजे आमचं पोट चालवतो. मी खेड्यातली कामं बघते. तो त्याला ‘तुझं मातीचं खातं’ म्हणतो. परिषदांमध्ये या कामाला मोठमोठे शब्द आहेत. मी गावात एवढंच सांगते की सामान जवळचं वापरा, भट्टीत भाजलेलं कमी वापरा, पंखा न लावता दुपारी बसता येईल अशी खोली बांधा आणि छपरावरचं पाणी नाल्यात सोडू नका. एवढं सांगायला कॉलेजात जावं लागत नाही, हे खरंच. पण एवढं करून घ्यायला फार चपला झिजतात.

आमच्या इमारती पडत नाहीत, असं मी या वर्षापर्यंत सांगत असे. त्यांचं होतं ते वेगळंच. लोक त्यांना सुधारतात.

बुधवाऱ्यातच एका कापडवाल्या शेटजींचं घर केलं. मधोमध उघडा चौक ठेवला, गरम हवा वर निघून जावी म्हणून. पहिला उन्हाळा छान गेला. मग चौकात कबुतरं यायला लागली. शेटजींनी मला न विचारता चौकावर प्लास्टिकचं पारदर्शक छप्पर टाकलं. आता ते घर म्हणजे भट्टी झाली आहे. दर एप्रिलला शेटजींचा फोन येतो, ‘‘मॅडम, तुमचं डिझाइन काम करत नाहीये.’’ मी विचारते, ‘‘छप्पर काढलं का?’’ ते म्हणतात, ‘‘मग कबुतरांचं काय?’’ आणि आम्ही दोघं पुढच्या एप्रिलपर्यंत फोन ठेवतो.

एका शाळेत पावसाच्या पाण्याची टाकी बांधली. सुंदर झाली. हेडमास्तरांना ती इतकी आवडली की मुलं पाणी वाया घालवतील म्हणून त्यांनी नळाला कुलूप लावलं. मुलं रस्ता ओलांडून हापशावर पाणी प्यायला जातात. टाकी आजही काठोकाठ भरलेली आहे आणि कोणी पाहुणे आले की हेडमास्तर ती दाखवतात.

अशा गोष्टी सांगून मी लोकांना हसवते. अंगणवाडीची गोष्ट सांगून कोणाला हसू येणार नाही.

फोपनारच्या अलीकडे ते गाव आहे. नाव लिहीत नाही. चहूबाजूंनी केळी, मधून रस्ता. तिथली अंगणवाडी पूर्वी पत्र्याच्या खोलीत भरायची. रेखाताई ही तिथली कार्यकर्ती, पंचेचाळिशीची, बारीक, बोलायला खणखणीत. मार्च लागला की ती पोरांना घेऊन बाहेर कडुनिंबाखाली बसायची, कारण आत पोरांच्या अंगावर घामोळं उठायचं. नव्या इमारतीला मंजुरी आली तेव्हा ती स्वतः बसने बुधवाऱ्यात आली, जिना चढून वर आली आणि उभ्यानेच म्हणाली, ‘‘तुम्ही त्या बहादरपूरच्या मीटिंगमध्ये बोलल्या होत्या ना, माती दाबून भिंत करतात म्हणून. आत थंड राहते म्हणून. ते खरं आहे का असंच बोलू राहिल्या होत्या?’’

मी म्हटलं, ‘‘खरं आहे.’’

‘‘मंग आमच्या गावात येऊन बोला. मी सांगितलं तर म्हणतील, रेखाला काय कळतं.’’

आमच्या कामातला निम्मा वेळ या बैठकांत जातो. मी सोबत दोन वाळलेल्या मातीच्या विटा नेते. एकीला बाहेरून चुन्याचा गिलावा, दुसरीला सिमेंटचा. दोन्ही थोडा वेळ पाण्याच्या परातीत उभ्या करायच्या, मग उन्हात ठेवायच्या. चुन्याची संध्याकाळपर्यंत कोरडी होते. सिमेंटची बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते, पण दुसऱ्या दिवशी फोडली तर आत चिखल असतो. बाहेरच्या माणसाला हे धंद्याचं गुपित वाटेल, पण गोष्ट साधी आहे. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते, पावसात हवेतलीही घेते. ऊन पडलं की सोडून देते. चुना तिला ती सोडू देतो. सिमेंट सोडू देत नाही. ओल्या अंगावर रेनकोट चढवून बटणं लावली तर जे होईल, ते भिंतीचं होतं.

त्या गावात बैठक बापूंच्या ओट्यावर झाली. बापू गावचे पाटील, मोठे केळीवाले, सत्तरीचे. गावात त्यांच्या आधी कोणी बोलत नाही आणि ते बोलल्यावर कोणाला बोलायचं उरत नाही. पण त्या दिवशी त्यांचा मुलगा प्रकाश आधी बोलला.

‘‘मॅडम, तुमचं स्वतःचं घर कशाचं आहे?’’

‘‘फ्लॅट आहे. सिमेंटचा.’’

‘‘मतलब तुम्ही स्लॅबखाली झोपता आणि मातीचं आम्हाला सांगता. आम्हालाच माती का? बाकी दुनिया पक्क्यात चालली, आम्ही कच्च्यात जायचं?’’

हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारला जातो आणि माझ्याजवळ त्याचं चांगलं उत्तर नाही. फ्लॅट नवऱ्याच्या बँकेने दिलेल्या कर्जातून घेतला, त्या वेळी मातीच्या घराला कर्ज मिळत नव्हतं, हे उत्तर खरं आहे, पण त्याने कोणाचं समाधान होत नाही.

मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. बापूंची बायको. सगळं गाव तिला जिजी म्हणायचं. ‘‘तुझा बाप मातीच्या घरात जन्मला,’’ ती प्रकाशला म्हणाली. ‘‘विरघळला का तो?’’

ओट्यावर सगळे हसले. बापूही. मातीची भिंत तिथेच मंजूर झाली.

आमच्याकडची काळी माती चालत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हात फाटते. त्यासाठी टेकडीच्या बाजूची पिवळी मुरमाड माती आणावी लागते. त्यात वाळू आणि चुना मिसळून, लोखंडी साच्यात हाताच्या दांड्याने दाबून ब्लॉक काढायचा, गोणपाटाखाली ओला ठेवायचा. ज्या ज्या घरचं मूल अंगणवाडीत, त्या घरून एक माणूस कामाला, असं रेखाताईने ठरवलं. बाप आले नाहीत, आया आल्या. जिजीचा नातू अंगणवाडीत होता, म्हणून जिजी आली. त्या घराला मजूर पाठवता आला असता. ती स्वतः आली, पदर खोचला आणि दांड्याला लोंबकळली. वजन कमी पडायचं. मग दोघी मिळून लोंबकळायच्या आणि एकमेकींना वजनावरून चिडवायच्या. बापू एकदा बघायला आले आणि म्हणाले, ‘‘चाळीस वर्षांत घरात एक घमेलं उचललं नाही हिने.’’ जिजी म्हणाली, ‘‘घरात कोणी फोटो काढत नव्हतं.’’ तेव्हा शिरीष फोटो काढत होता.

शेवटचा चुन्याचा हातही तिने दिला, आणि पुढच्या वर्षी परत दिला. चुना दर वर्ष-दोन वर्षांनी लावावा लागतो. तिने ते स्वतःकडे घेतलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात मी दुपारी अचानक गेले होते. आत मुलं झोपली होती, त्यांच्या आया भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि कोपऱ्यात जिजी फरशीवर आडवी झाली होती. मी दिसल्यावर म्हणाली, ‘‘घरी एसी आहे. पण तिथं बोलायला कोणी नाही.’’ माझ्या कामात मला जे काही समाधान मिळालं, त्यातलं बरंचसं त्या एका दुपारचं आहे. मी लगेच निघाले, कारण दुसऱ्या साइटवर स्लॅबचं काम होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात जिजी गेली. आजारपण थोडक्यात आटोपलं.

आमच्याकडे वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाच्या नावाने काहीतरी द्यायची पद्धत आहे. देवळाला पायऱ्या, शाळेला बाक, स्मशानात बसायला ओटा. ऐपतीप्रमाणे. देताना घरच्यांना बरं वाटतं आणि घेणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. बापूंनी जिजीच्या नावाने अंगणवाडीला दिलं. दिवाळीच्या सुट्टीत, मुलं नसताना, श्राद्धाच्या आधी काम उरकायचं म्हणून शहरातून ठेकेदार आणला. बाहेरच्या चारही भिंतींना सिमेंटचं प्लास्टर, त्यावर ऑइलपेंट. आत कमरेपर्यंत गुलाबी चकचकीत टाईल. दारावर काळ्या दगडाची पाटी, तिच्यावर तिचं पूर्ण नाव आणि ‘यांच्या स्मरणार्थ’.

रेखाताईने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. फोटोखाली एक शब्दही नव्हता. तिला परातीतल्या विटा आठवत होत्या, हे मला त्यावरून कळलं.

मी दुसऱ्या दिवशी गेले. आधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली. मग बापूंच्या ओट्यावर गेले. बापूंनी चहा मागवला. त्यांना वाटलं, मी कौतुक करायला आले.

मी सरळ सांगितलं. हे काढावं लागेल. आता काढलं तर उन्हाळाभर भिंत सुकेल. पावसाळा असाच गेला तर ती आतून सडेल.

बापूंनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘‘मॅडम, तिचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं आहे. आणि मी तिच्या नावाचं दिलेलं छिन्नीने फोडू?’’

‘‘पाटी राहू द्या. पाटीने काही बिघडत नाही. फक्त प्लास्टर आणि टाईल.’’

‘‘मंग पाटी कशाची? पाटी लावायची आणि दिलेलं काढून घ्यायचं?’’

‘‘त्याऐवजी दुसरं काही द्या बापू. अंगणाला कुंपण द्या.’’

‘‘बदलून द्यायला ते काय दुकान आहे,’’ ते म्हणाले. रागावून नाही. ‘‘उन्हाळ्यात पाहू.’’

रेखाताई दाराशी उभी होती. तिला मी खुणेने सांगितलं, तुम्ही बोला. ती बोलली नाही. तिच्या नवऱ्याने बापूंची जमीन बटाईने केलेली. मी तिला त्यानंतर कधी त्याबद्दल विचारलं नाही.

मे महिन्यात मी दोन मिस्त्री आणि छिन्न्या घेऊन गेले. बापू नाशिकला लेकीकडे गेले होते. प्रकाश अंगणवाडीच्या दारात उभा राहिला. म्हणाला, ‘‘देखो मॅडम, इज्जतीचा सवाल आहे. लोक म्हणतील, पाटलाने दान दिलं आणि वर्षात उखडून नेलं.’’ मी त्याला वीट, परात, ओल, सगळं परत सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. तो मूर्ख नाही, बी.कॉम. आहे. शेवटी म्हणाला, ‘‘मागचं काढा. मागे कोणी बघत नाही. पुढचं आणि आतलं राहू द्या.’’

आम्ही मागच्या भिंतीचं बाहेरचं प्लास्टर काढलं. एका हाताचं बटण उघडून रेनकोट निघत नाही, हे मला माहीत होतं. पण नाही त्यापेक्षा बरं, असं म्हणून मी ते करून आले. आमच्या धंद्यात या वाक्याने जेवढं नुकसान केलंय तेवढं भूकंपानेही केलं नसेल.

या वर्षी पाऊस चांगला झाला. सगळे खूश होते.

सप्टेंबरच्या मध्याला रेखाताईचा फोन आला. ‘‘मॅडम, जरा येऊन जा. कोणाला सांगू नका, मी बोलावलं म्हणून.’’

मुलं दक्षिणेच्या भिंतीकडे दाटीवाटीने बसली होती. उत्तरेच्या भिंतीपासून तिने तांदळाची पोती आणि खेळण्यांची पेटी ओळीने मांडून आडोसा केला होता, म्हणजे पोरं तिकडे जाऊ नयेत. टाईल एकदम शाबूत दिसत होत्या. एक टाईल मी पेचकसाने सैल केली, ती आपसूक हातात आली. टाईलच्या मागच्या मातीवर मी अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

‘‘हे कधीपासून माहीत आहे?’’

‘‘पोळ्याच्या आधीपासून वास येऊ राहिला होता. कुबट.’’

‘‘आणि तुम्ही मुलं बसवली?’’

‘‘तिकडं नाही बसवली.’’ मग तिचा आवाज चढला. ‘‘सांगितलं असतं तर काय झालं असतं? पंचायतने खताच्या गोडाऊनजवळची पत्र्याची खोली दाखवली असती. परत तेच पत्रे, तेच घामोळं. मी सगळ्या गावाशी भांडून ही इमारत घेतली मॅडम. तुम्ही येता आणि जाता. मला रोज बाया विचारतील, काय रेखा, तुझी मातीची अंगणवाडी?’’

मी मुलं त्याच वेळी बाहेर काढायला लावली. तिने एका शब्दाने वाद घातला नाही. पोरांच्या चपला स्वतः उचलून बाहेर आणल्या आणि दाराला कडी लावली. दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडी खताच्या गोडाऊनजवळच्या पत्र्यात भरायला लागली. पंचायतीने मला निरोप दिला की ज्यांनी बांधली त्यांनीच दाखला द्यावा.

तर चौथी ओळ.

कारण म्हणून मी ‘सिमेंटचं प्लास्टर’ लिहिलं, तर गावात प्रत्येकाला कळेल ते कोणी दिलं. लिहिलं नाही, तर वाचणारा म्हणेल, माती होती, पावसात गेली. बहादरपूरजवळ केळीच्या खोडापासून धागा काढणाऱ्या बायकांचा गट आहे. त्यांची शेड आम्ही ब्लॉकमध्ये करणार आहोत, नकाशे तयार आहेत. त्या बायका या अंगणवाडीत दोनदा येऊन भिंतीला हात लावून गेल्या होत्या. त्यांना आता उत्तर काय द्यायचं, ते या ओळीवर होतं.

शिरीष म्हणाला, ‘‘लिही ‘ओल’. खोटं नाही आणि कोणाला लागतही नाही.’’

मी ओल लिहिलं नाही. खरं कारण लिहिलं: बाहेरून सिमेंट प्लास्टर आणि आतून टाईल लावल्याने भिंतीतली ओल बाहेर पडू शकली नाही. कोणी लावलं, ते लिहिलं नाही. सही केली. मग ऑफिसात जायच्या आधी गाडी गावाकडे वळवली, कारण बापूंना हे माझ्याकडून कळायला हवं होतं, दुसऱ्याकडून नाही.

बापू ओट्यावर एकटे होते. मी कागद वाचून दाखवला.

‘‘नाव नाही लिहिलं मी,’’ मी म्हटलं.

‘‘नाव लिहायची काय गरज? पाटीवर आहे.’’

मी कागदाची घडी घातली. मग तेच म्हणाले, ‘‘तुम्ही सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्हाला तुमच्या मातीची इज्जत पडली आहे. जसं आम्हाला आमच्या केळीची असते, तसं.’’

‘‘ते नव्हतं बापू.’’

‘‘आता कळलं ना.’’ ते रस्त्याकडे बघत होते. ‘‘चुना दरवर्षी लावावा लागतो. ती लावायची. ती गेली, मंग कोण लावणार? सुना लावणार नाहीत. रेखा एकटी किती करेल? मी म्हटलं, एकदाचं सिमेंट करून टाकू, म्हणजे तिच्यामागं त्याची हेळसांड नको.’’

आमच्या नकाशात पाया किती खोल आणि छपराची वळचण किती पुढे, हे सगळं लिहिलेलं असतं. जिजीनंतर चुना कोण लावणार, याला आमच्या नकाशात जागा नव्हती. बापूंनी तो प्रश्न ओळखला होता आणि त्यांना जे येत होतं त्या रीतीने सोडवला होता. मी हे त्यांना सांगितलं नाही. सांगून त्यांना बरं वाटलं असतं असं वाटत नाही.

‘‘आता लोक म्हणतील, जिजीच्या नावाने पडली,’’ ते म्हणाले.

‘‘ओळ बदलू का?’’ मी विचारलं. मी खरोखर विचारत होते. ते हो म्हणाले असते तर मी बदलली असती का, हे मला आजही सांगता येणार नाही.

‘‘पोरं त्या भिंतीखाली बसत होती ना महिनाभर?’’

‘‘दुसऱ्या बाजूला. पण हो.’’

‘‘मंग लिहा जे आहे ते.’’ ते उठले आणि आत गेले. चहाचं विचारलं नाही. त्या घरात माझ्याबाबतीत असं पहिल्यांदा झालं.

तालुक्याच्या ऑफिसात ज्या साहेबांकडे कागद द्यायचा होता ते जेवायला गेले होते. आल्यावर त्यांनी कागद उभ्या उभ्या वाचला. चौथ्या ओळीवर त्यांची नजर थांबली असं मला वाटलं, पण ते चष्मा पुसत होते.

‘‘मैडम, इतना लंबा क्या है? सीधा बताइए, पक्का था कि कच्चा?’’

मी म्हटलं, दाबलेल्या मातीच्या ब्लॉकचं होतं, चुन्याच्या गिलाव्याचं, आणि त्यावर नंतर—

‘‘मतलब कच्चा,’’ ते म्हणाले, आणि कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘कच्चा निर्माण, आयु समाप्त’ असं लिहून सही केली. खाली उतरताना मी हिशेब केला. बापूंना जे ऐकवायचं ते ऐकवून झालं होतं. आणि ज्यासाठी ऐकवलं, ते लाल शाईखाली गेलं होतं.

गाडीत बसते तोच धागेवाल्या बायकांच्या गटाच्या अध्यक्षाबाईंचा फोन. बातमी कागदाच्या आधी पोचते. त्या फार अदबीने बोलल्या. ‘‘ताई, तुमच्यावर भरवसा आहे आमचा. पण घरचे माणसं ऐकू नाही राहिले. आम्ही लोखंडी अँगल आणि पत्राच करून घेतो. तुम्ही राग मानू नका.’’ मी म्हटलं, राग नाही. निदान खिडक्या समोरासमोर ठेवा. त्या हो म्हणाल्या. ठेवणार नाहीत, कारण एका बाजूला मशीन येईल.

संध्याकाळी शिरीषला मी फोनचं सांगितलं. तो ड्रॉइंगवाल्या मुलीला म्हणाला की ते शेडचे नकाशे वरच्या कपाटात ठेवून दे. टाकून दे म्हणाला नाही, एवढी त्याची माझ्यावर मेहेरबानी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुन्याची गोणी, बादल्या, लांब दांड्याचा कुंचला आणि शिडी गाडीवर टाकून गावात गेले. पत्र्यावर चुन्याचे दोन-तीन हात दिले की ऊन परत फिरतं आणि आत बरंच सुसह्य होतं. यात डिझाइन काही नाही. ऑक्टोबर तोंडावर होता.

रेखाताई आत झाडत होती. मुलं यायला वेळ होता. तिने मला शिडी लावताना पाहिलं आणि म्हणाली, ‘‘हे पण दरवर्षी करावं लागेल ना?’’

‘‘हो.’’

‘‘कोण करेल?’’

‘‘तुम्ही आणि मी. आणि दोन आया शोधा.’’

‘‘शोधून देते,’’ ती म्हणाली. ‘‘फोटो काढायला मात्र कोणाला आणू नका.’’

मी वर चढले आणि पहिला कुंचला मारला. लगेच आतून आवाज आला, ‘‘थांबा, थांबा, माझ्या डोक्यावर पडू राहिला चुना.’’ पत्रा जुना होता, कुठून तरी काढून इथे ठोकलेला, आणि आधीच्या खिळ्यांची भोकं तशीच होती. पुढच्या पावसात मुलं भिजली असती, आणि आज चुना डोळ्यांत गेला असता. मी खाली उतरले, गाडीतून डांबराचा डबा काढला आणि परत वर गेले.

‘‘भोकं वरून दिसत नाहीत,’’ मी ओरडून सांगितलं. ‘‘आतून दाखवा.’’

तिने झाडू मोडला. पोत्यांवर चढून ती आतून एकेका भोकातून झाडूची काडी वर काढायची, मी त्या जागी डांबर भरायचे आणि पत्र्यावर टकटक करायचे. मग काडी आत जायची आणि हातभर पुढे परत वर यायची.